उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या. त्या निवडणुकीत आपल्यापैकी अनेकांचा ओढा भैरोसिंह शेखावत यांच्याकडे होता. तरीही आखाजीला लेक माहेरी यावी, तसे त्यांचे कौतुक जळगाव-धुळ्याने केले.

त्यांच्या संसारात डोकावण्याचे आपल्याला कारण नाही. १९६५ साली अमरावतीच्या देवीसिंह शेखावत यांच्याशी विवाह झाल्यावरही त्यांनी माहेरचे आडनाव जपले आणि १९८५ पर्यंत एदलाबादचे प्रतिनिधित्व केले. ‘राष्ट्रपतींचे पती’ ही या देशाला नवी असलेली भूमिका देवीसिंहांनी पाच वर्षे निभावली. हे सारे घरचे. त्यावर कुजबुज करणे सुसंस्कृत समाजाला शोभत नाही.

मात्र २००९ मध्ये आई राष्ट्रपतिपदी असताना पुत्र राजेंद्र यांना काँग्रेसने अमरावतीतून विधानसभेची उमेदवारी दिली आणि विद्यमान राज्यमंत्री सुनील देशमुख यांना डावलले. राजेंद्र निवडूनही आले. निवडणूक लढवण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या मुलालाही आहेच. परंतु त्या दिवशी घराने स्वतःच उंबरठा ओलांडला. मग प्रश्न विचारणे हे मतदाराचे कर्तव्य ठरते.

हा निकष केवळ इतरांसाठी नको. एदलाबाद, म्हणजेच आजच्या मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे भाजपचे ज्येष्ठ नेते असताना, २०१४ मध्ये त्यांच्या स्नुषा रावेरच्या खासदार झाल्या. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याच्या मनातील प्रश्न तेव्हाही तोच होता. नेत्याच्या घराचा मान राखावा. उमेदवारीचा हिशेब मात्र प्रत्येकाकडे मागावा.