तीन शून्यांचा टँकर

शनिवार सकाळ. हक्काची साखरझोप. आणि सेक्रेटरीकाकांचा फोन! "अगं, टँकर येतोय. तू पत्रकार ना, ये जरा खाली."

प्रॉब्लेम असा, की पावती दर वेळी 10,000 लिटरची, पण वॉचमनकाका म्हणतात, "मॅडम, टाकी तेवढी भरतच नाही हो." संशय सगळ्यांना, पुरावा कुणाकडेच नाही. मग मी मेजरिंग टेप काढली.

जमिनीखालच्या टाकीची आतली मापं प्लॅनमध्ये सापडली. लांबी 2.5 मीटर, रुंदी 2 मीटर. म्हणजे तळ 5 चौरस मीटर. मोटर बंद केली, नाहीतर इकडे मोजतोय आणि तिकडे पाणी गच्चीवर! टाकीत बांबू सोडला. टँकरच्या आधी पाणी 20 सेंटिमीटर, नंतर 1 मीटर 80. चढलं किती? 1.6 मीटर. गुणिले 5, झाले 8 घनमीटर.

"म्हणजे 800 लिटर?" काका किंचाळले. काकांचं चुकलं, पण आपण सगळेच इथे घसरतो. मीटरमध्ये 100 सेंटिमीटर असतात ना, तो शंभर डोक्यात बसलेला असतो. खरं तर 1 लिटर म्हणजे 10 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच डबा. घनमीटरमध्ये असे डबे लांबीला 10, रुंदीला 10, उंचीला 10. एकूण 1000! म्हणजे टँकरमधून आलं 8000 लिटर. 2000 गायब. शहरात माणशी रोज 135 लिटरचा हिशोब धरतात. त्या हिशोबाने जवळजवळ 15 जणांचं दिवसाचं पाणी.

बाकी सगळा खेळ याच तीन शून्यांचा. पाणीबिलावरचा 1 किलोलिटर म्हणजे 1000 लिटर, म्हणजेच 1 घनमीटर. खाली उतरलात तर 1 लिटरचे 1000 मिलिलिटर. आणि डॉक्टर ज्याला 'सीसी' म्हणतात, तो घन सेंटिमीटर म्हणजे तोच 1 मिलिलिटर. त्यामुळे 5 मिलीचं औषध 5 सीसीच्या सिरिंजमध्ये बिनधास्त मोजा. फक्त 0.5 आणि 5 यांच्यातला टिंब दोनदा बघा!

पुढच्या खेपेला मी टेप घेऊन आधीच उभी. ड्रायव्हरने टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज फुल आहे मॅडम."

पाणी बरोब्बर 2 मीटर चढलं. टेप आता वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये असते, रजिस्टरच्या शेजारी.