सोमवारची दहा अक्षरं

सर्व्हर डाउन आहे, बॉस मीटिंगमध्ये आहे आणि लंचला अजून चाळीस मिनिटं आहेत. अशा वेळी टाइमपासचा एक स्वस्त आणि मस्त फंडा सांगते. एक कागद घ्या, तीन-चार इंग्रजी अक्षरं ठरवा आणि ती सगळी असलेला मोठ्यात मोठा शब्द शोधा. नेट बघायचं नाही, एवढी एकच अट!

सुरुवात सोपी. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकाच शब्दात हवेत. ‘एज्युकेशन’! इतकी वर्षं पाठीवर वाहिलं, पण कधी लक्षात आलं होतं का? उलट, एकुलत्या एका स्वरावर नऊ अक्षरांचा संसार चालवणारा शब्द म्हणजे ‘स्ट्रेंग्थ्स’. एकाच अक्षराच्या लागोपाठ तीन जोड्या हव्यात? अकाउंट्सवाल्यांकडे जा, तिथे ‘बुककीपर’ बसलेला असतो. आणि कीबोर्डच्या फक्त वरच्या ओळीतून होणारा दहा अक्षरी शब्द? ‘टाइपरायटर’. करून बघा, बोट खाली उतरतच नाही.

यातली ट्रिक अशी की शब्द डोक्याकडून नाही, शेपटीकडून धरायचा. आयएनजी, एनईएसएस, टीआयओएन या शेपट्या आधी बाजूला काढायच्या आणि उरलेल्या अक्षरांतून डोकं शोधायचं. स्क्रॅबल खेळणारे हेच करतात. हातातल्या सातही टाइल्स एका डावात लावल्या की ५० पॉइंट्सचा बोनस मिळतो, मग शेपट्या पाठ होणारच! एस तर तिथे सोन्याच्या भावात जातो, कारण १०० टाइल्सच्या अख्ख्या सेटमध्ये एस असतात फक्त चार. ‘पझेसेस’ लिहायचं तर पाच लागतात, म्हणजे कोरी टाइल हवीच.

शेपट्यांमधली सगळ्यात खानदानी म्हणजे ‘ओसिस’. ही डॉक्टर लोकांची. इंग्रजी डिक्शनरीतला ४५ अक्षरांचा सुप्रसिद्ध राक्षस याच शेपटीवर संपतो: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. श्वास घ्या. तुकडे पाडले तर सोपं आहे. फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी आणि शेवटी धुळीचा आजार. गंमत म्हणजे हा शब्द कुठल्या हॉस्पिटलमध्ये जन्मलाच नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो चक्क जुळवला, सगळ्यात लांब शब्द हवा म्हणून. पुढे तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही जाऊन बसला. आजार खोटा नाही, साधं नाव सिलिकोसिस. पण एवढ्या लांब नावाची गरज फक्त कोडी सोडवणाऱ्यांना होती.

आता याच घराण्यातला, त्याच्या पाव लांबीचाही नसलेला शब्द घ्या. बिसिनोसिस. अक्षरं दहा, त्यात एस चार. म्हणजे स्क्रॅबलच्या सेटमधले सगळेच्या सगळे एस एकटा खातो. बोनस न धरता पॉइंट्स मिळतात जेमतेम १५. ग्रीकमध्ये तलम लिननला ‘बिसॉस’ म्हणायचे, तिथून हे नाव आलं. हा कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. याला कोणी जुळवायला बसलं नव्हतं. आणि याचा पत्ता? तुमच्या ऑफिसचाच. कमला मिल, फिनिक्स मिल, परळ, लालबाग.

गिरणीत सगळ्यात जास्त धूळ ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत. कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायच्या, आणि ते सगळं हवेत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पण रविवारी फुप्फुसं जरा मोकळी झाली की सोमवारी पुन्हा धुळीत गेल्यावर छाती आवळायची. मंगळवारपासून थोडं बरं वाटायचं. डॉक्टरांच्या भाषेत या आजाराचं टोपणनाव आहे ‘मंडे फीवर’. वर्षं उलटली की मग मंगळवारही तसाच जायचा, बुधवारही, आणि शेवटी सुट्टीचा दिवसही.

इथे शब्दाला खरी किंमत होती. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. भरपाई देय असलेल्या आजारांच्या त्याच्या यादीत पुढे हे नाव आलं. कागदावर ही दहा अक्षरं असतील तर दावा करता यायचा. नुसतं ‘दमा’ किंवा ‘ब्राँकायटिस’ लिहिलेलं असेल तर औषधाची बाटली घ्या आणि घरी जा. खोकला तर तिन्हींत सारखाच! शेजारच्याच केईएममधल्या डॉक्टरांनी गिरणी कामगारांच्या छाती तपासून हा आजार मुंबईत आहे हे दाखवलं. योग्य अक्षरं शोधण्याचा याहून सीरियस खेळ कुठला असेल?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. नंतर भोंगे थांबले, चिमण्या गेल्या, काचेच्या इमारती आल्या. धूळही गेली, पण जुन्या बिसिनोसिसने एकदा खराब झालेलं फुप्फुस पूर्ववत होत नाही. लालबागच्या चाळीत ते खोकत राहिलं.

त्याच जमिनीवर आज आपण एसीत बसून दर सोमवारी ‘मंडे ब्ल्यूज’चं स्टेटस टाकतो. टाका की, सोमवार कोणाला आवडतो? फक्त घरात किंवा शेजारी कोणी गिरणीत होतं का, हे एकदा विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे विचारा, कुठल्या खात्यात होतात? आणि कार्डिंग म्हणाले, तर सोमवारी कसं वाटायचं?