सत्कार नंतर, खर्च आधी

२८ जुलैची संध्याकाळ आठवते? मनीषनगरातल्या चहाच्या टपरीवर एरवी रीलच्या आवाजाने कान किटतात. त्या दिवशी मात्र एका मोबाइलभोवती सात-आठ डोकी गप्प उभी होती. स्क्रीनवर चौसष्ट घरं. त्यातल्या निम्म्यांना घोडा अडीच घरं चालतो, यापलीकडे बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं. 'बटुमी कुठं आलं बे?' असंही कुणीतरी विचारून घेतलं. जॉर्जियात, काळ्या समुद्राच्या काठावर. आणि तिथं आपल्या नागपूरची दिव्या देशमुख काळ्या मोहऱ्या घेऊन कोनेरू हम्पीसमोर बसली होती. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. थोड्या वेळाने हम्पीने डाव सोडला, दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली आणि टपरीवर चहाचे पैसे कोणी दिले हे कुणालाच आठवत नाही.

महिला विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय. भारताची ८८वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी. वय वर्षं १९. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म लागतात. बटुमीला जाताना तिच्याकडे एकही नव्हता. स्पर्धा जिंकली म्हणून किताब थेट मिळाला.

सरतं २०२५ हे खेळाच्या बाबतीत आपल्यासाठी असं भरभरून देणारं वर्ष ठरलं. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलांनी व मुलींनी दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मे महिन्यात बीडच्या अविनाश साबळेने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय ठरला आणि २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. २ नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला. त्यात सांगलीची स्मृती मानधना होती. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती. आणि प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. रणजीत पदार्पणातच २६० धावा करूनही ज्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही, ते.

पण आपल्या अगदी शेजारी, जामठ्याला घडलेली गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. २ मार्चला विदर्भाने रणजी करंडक जिंकला, तिसऱ्यांदा. अंतिम सामन्यात केरळसमोर विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. तिथून २१ वर्षांच्या दानिश मालेवारने करुण नायरसोबत २१५ धावा जोडल्या आणि स्वतः १५३ केल्या. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपला झाला. यश राठोडने मोसमात ९६० धावा केल्या. हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी याआधी कुणीही घेतलेले नव्हते. ऑक्टोबरात शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडकही इथंच राहिला.

आता एक प्रामाणिक प्रश्न. आपल्यापैकी किती जण तो अंतिम सामना बघायला गेले होते? उज्ज्वलनगरला मेट्रोत बसायचं, खापरीला उतरायचं, पुढे ऑटो. भारत-इंग्लंड वन-डेसाठी फेब्रुवारीत आपण तिकिटांसाठी ओळखीपाळखी काढल्या. त्याच महिन्यात, त्याच मैदानावर, आपल्याच गल्लीबोळांतून आलेली मुलं पाच दिवस लढत होती. आपण स्कोअर मोबाइलवर बघितला आणि जिंकल्यावर स्टेटस ठेवलं.

स्टेटस ठेवणं चुकीचं नाही. पण यशाकडे बघायची आपली सवयच तशी झाली आहे, आपण शेवटच्या दिवशी पोहोचतो. करंडक वर उचलला जातो तेव्हा फोटोत यायला सगळे तयार असतात. त्याच्या आधीची वर्षं कुणाच्याच स्टेटसला नसतात.

ती वर्षं जरा मोजू या. विदर्भ पहिली रणजी खेळला १९५७-५८ मध्ये. पहिला करंडक आला जानेवारी २०१८ मध्ये, इंदूरला. म्हणजे साठ वर्षं लोक खेळत राहिले, हरत राहिले, नोकरी सांभाळून सरावाला येत राहिले. या वेळचा करंडकही सरळ आला नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने अंतिम फेरीत १६९ धावांनी हरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम फेरीत कर्नाटकाने हरवलं. फेब्रुवारीत उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवलं तेव्हा कुठं हिशेब थोडा चुकता झाला.

दिव्याचंही तसंच. सात वर्षांखालील राष्ट्रीय विजेतेपद २०१२ मध्ये, दहा वर्षांखालील जागतिक विजेतेपद २०१४ मध्ये, बारा वर्षांखालील २०१७ मध्ये. म्हणजे बटुमीची ती संध्याकाळ किमान तेरा वर्षांची होती. तिचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांची इच्छा होती की ही पोरगी ग्रँडमास्टर व्हावी. ते २०२० मध्येच गेले, वय अवघं चाळीस. नागपूर विमानतळावर गर्दीत, हारांच्या ओझ्याखाली उभी असताना दिव्याने आई-वडिलांसोबत त्यांचं नाव घेतलं, हे यश त्यांच्यासाठी आहे असं सांगितलं. त्या गर्दीतल्या किती जणांना ते नाव माहीत होतं?

दिव्याला राज्य सरकारने तीन कोटी रुपये दिले. योग्यच केलं, तो तिचा हक्क आहे. पण पैशाची खरी गरज कधी असते? दहा-बारा वर्षांच्या मुलीला परदेशातल्या स्पर्धेला न्यायचं असतं, सोबत पालकांपैकी कुणीतरी जायचं असतं, प्रशिक्षकाची फी भरायची असते, तेव्हा. आपल्याकडे सत्कार नंतर येतो आणि खर्च आधी येतो. दिव्याचे आई-वडील दोघंही डॉक्टर आहेत आणि त्यांनी ते सगळं ओढून नेलं. ज्या घराला हे झेपत नाही, तिथली दिव्या कुठपर्यंत पोहोचत असेल? तिची बातमी येत नाही, म्हणून ती नव्हतीच असं थोडंच आहे?

आणि शिडी चढून गेलं की सगळं सुटतं असंही नाही. ज्या करुण नायरने विदर्भाकडून रणजीत ८६३ धावा काढल्या, तो त्या जोरावर आठ वर्षांनी भारतीय कसोटी संघात परतला. इंग्लंडच्या दौऱ्यात एकच अर्धशतक झालं आणि पुन्हा बाहेर गेला. साबळेला मे महिन्यात सुवर्ण मिळालं आणि जुलैत मोनॅकोत गुडघा दुखावला. दिव्या स्वतः नोव्हेंबरात गोव्याच्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत हरली. खेळ असाच असतो. म्हणूनच फक्त जिंकणाऱ्याच्या मागे उभं राहणं हा फार स्वस्तातला पाठिंबा आहे.

मग आपण काय करायचं? आपण मंत्री नाही, क्रीडा अधिकारी नाही, आपल्या खिशात महिन्याच्या शेवटी चहाचेही पैसे नसतात. तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे, कारण हा पुढचा खेळाडू आपल्याच वर्गात बसतो. नीट बघा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन आलेली, दोन प्रॅक्टिकल बुडालेली, आता ७५ टक्के हजेरी कशी भरायची म्हणून ऑफिसच्या खिडकीपाशी उभी असलेली एक मुलगी प्रत्येक कॉलेजात असते. 'तुझं काय बुवा, मजा आहे, फिरायला मिळतं' असं आपण तिला हसत हसत म्हणतो. ती पहाटे साडेपाचला, डिसेंबरच्या या नागपुरी थंडीत, मैदानावर असते हे आपल्याला ठाऊक नसतं. कारण तेव्हा आपण रजई डोक्यावरून ओढून घेतलेली असते.

तिला नोट्स द्या, न मागता. तिचा सामना शहरात असेल तर चार मित्र घेऊन जा. टाळ्या वाजवायला तिकीट लागत नाही. विद्यार्थी प्रतिनिधी असाल तर एवढी एकच मागणी लावून धरा, की स्पर्धेत घालवलेले दिवस हजेरीत धरावेत आणि बुडालेल्या परीक्षेची वेगळी तारीख मिळावी. आणि कॉलेजचं मैदान पार्किंगसाठी किंवा लग्नाच्या मांडवासाठी दिलं जात असेल, तर निदान विचारा तरी, की का? हे प्रश्न खेळाडूने एकट्याने विचारले तर 'नखरे' ठरतात. वर्गाने विचारले तर त्याला वजन येतं.

काही जण म्हणतील, सगळ्यांनी खेळाडूंच्या मागे लागलं तरी सगळे थोडेच चॅम्पियन होणार? नाहीच होणार. विदर्भाच्या साठ वर्षांत शेकडो जण खेळले, बहुतेकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पण त्यांनी मैदान चालू ठेवलं, धाकट्यांना नेटमध्ये चेंडू टाकले, म्हणून दानिश आणि हर्षला उभं राहायला जागा मिळाली. न जिंकणाऱ्यांच्या आधाराशिवाय जिंकणारे घडत नाहीत.

थर्टी फर्स्टच्या रात्री आपण पुन्हा त्याच टपरीवर जमू, वर्षाचे हायलाइट्स बघू, बटुमीचा तो व्हिडिओ पुन्हा लावू. जरूर लावू. पण १ जानेवारीला सकाळी कुणीतरी नेहमीप्रमाणे मैदानावर जाईल. तिला या वर्षी कुणी ओळखत नसेल. कदाचित पुढच्या वर्षीही ओळखणार नाही. एखाद्या सकाळी रजई बाजूला करून तिचा सराव बघायला जा. तिची खरी वर्षं आत्ता चालू आहेत.