आधी छत, मग रंग

आमच्या गावच्या नगरपरिषदेने वस्तीशेजारच्या प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला मंजुरी दिली, ही बातमी आली तेव्हा वस्तीत साखर तेवढी वाटायची राहिली. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. वाचकांनी तिथे आपल्या गावाचे नाव घालून पाहावे, बहुतेक जुळेल.

एके सकाळी अभियंता साहेब टेप घेऊन आले, भिंती मोजल्या आणि पंधरा मिनिटांत गेले. पुढे शाळा व्यवस्थापन समितीतल्या काही आया अंदाजपत्रक पाहायला नगरपरिषदेत गेल्या. तिथल्या बाबूने चष्म्यावरून पाहत विचारले, "बाई, तुम्हाला यातलं काय कळणार?" त्यांच्यातली एक ताई बारा वर्षे बिगारी काम करते. तिने उत्तर दिले, "साहेब, आम्हीच तर बांधतो. कळायला काय झालं?"

कागद हाती आला तेव्हा खरेच कळले. आतूनबाहेरून रंग, दोन भिंतींना गिलावा, नवे फाटक आणि फाटकावर नावाची कमान. तिसरीच्या वर्गाचे छत दर पावसाळ्यात गळते, मुले बाके सरकवून सरकवून एका कोपऱ्यात येतात, त्या छताचा उल्लेख नाही. मुलींच्या संडासाला दार नाही, त्याचाही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई शाळेत गेली आणि बांबूच्या टोकाने तिसरीच्या वर्गाचे छत ठोकत फिरली. जिथे भद्द असा पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण केली. एके ठिकाणी सिमेंटचा पोपडा हातभर निघाला आणि आतली गंजलेली सळई दिसली. हे आमच्या वाचकांतल्या गवंडी-बिगाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांनी समजून घ्यावे. वरून पाणी मुरते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की भोवतीचे सिमेंट फोडून बाहेर ढकलते. त्यावर नुसता गिलावा थापला तर आतला गंज थांबत नाही. वरून रंग लागला की तडाही दिसेनाशी होते, आणि मग कोणाला दाखवणार? आधी गच्चीवरून पाणी मुरणे बंद करायचे, मग सैल झालेले सगळे सिमेंट काढायचे, सळई घासून गंज उतरवायचा, गंजरोधक लावायचे, सळई फारच झिजली असेल तर जोडीला नवी टाकायची आणि मगच भरायचे. भरल्यावर रोज पाणी मारायचे. छत याही पलीकडे गेले असेल तर डागडुजी करूच नये. त्या खोलीचे निर्लेखन करून, म्हणजे ती कागदोपत्री निकामी ठरवून, पाडावी आणि नवी बांधावी.

छत म्हणजे काय हे देशाने पाहिले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेत छत कोसळून तीन मुले गेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावच्या सरकारी शाळेत सात मुले गेली. त्या मुलांच्या घरी आपल्यासारखीच रोजंदारीवर जाणारी माणसे आहेत.

गच्चीच्या कठड्यात पिंपळाचे एक रोप उगवले होते आणि त्याच्या मुळांनी भिंत चिरत आणली होती. ते तोडायला कोणी हात लावीना. शेवटी ताईनेच छिन्नीने जोड मोकळा करून ते मुळांसकट काढले आणि विहाराच्या अंगणात लावले. आता मुले रोज त्याला पाणी घालतात. नुसता शेंडा छाटला असता तर ते पुन्हा फुटले असतेच.

आता कायद्याचे थोडे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चार भागांतले तीन भाग आईवडील असावे लागतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे आणि शाळेला आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचे काम आहे. आमच्याकडे ही समिती बरीच वर्षे एका वहीत राहत होती. वही घरोघर फिरायची, सह्या व्हायच्या. कोणी वाचून सही करत नव्हते आणि त्यात आम्हीही आलोच.

कागद दाखवत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि उत्तराची मुदत तीस दिवस. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची नक्कल आणि काम बिघडले तर ठेकेदाराने किती काळ फुकट दुरुस्त करून द्यायचे ती अट, एवढे मागावे. पण अर्ज कामाआधी करावा. बिल निघाल्यावर कागद हाती आला तर तो रद्दीत घालायच्याच कामाचा.

काम चालू असताना मुले कुठे बसणार, हा प्रश्न आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. नगरपरिषदेचा विचार असा, की मुलांना रेल्वे रुळांपलीकडच्या शाळेत पाठवावे. कागदावर ते सोपे आहे. पण पहिलीचे पोर रूळ कसे ओलांडणार? आई सात वाजता कामावर गेलेली. मग मोठी बहीण धाकट्याला सोडायला जाणार, पुढे त्याला सांभाळायला घरीच राहणार, आणि दुरुस्ती संपेल तोवर पटावरची दहा नावे कमी झालेली असतील. पट कमी झाला की शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते. २०१७ साली राज्यात कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांबाबत तसा निर्णय झाला होता.

आपल्या भाषेत छतालाही गळती लागते आणि मुलांच्या पटालाही. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना या दुसऱ्या गळतीचाच हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, हे त्यांनी आकड्यांनिशी सांगितले. आज आकडा तो नाही हे खरे. पण दहा नावे गळाली तर ती कोणत्या घरांतली असतील, हे सांगायला आकडे लागत नाहीत.

म्हणून विहार समितीने आपले सभागृह शाळेला देऊ केले आहे. मध्ये पडदे लावून तीन वर्ग बसतील, चौथ्याचे काय ते ठरायचे आहे. पोषण आहार तिथेच शिजावा असे पत्रही दिले आहे, नाहीतर खिचडी जुन्या शाळेत आणि मुले विहारात असा प्रकार व्हायचा. मुख्याधिकाऱ्यांनी अर्ज घेऊन पोच दिली. छत अंदाजपत्रकात घेतो म्हणाले. संडासाच्या दाराचे मात्र "पुढच्या टप्प्यात" आहे, आणि त्यावर आयांचे दुसरे पत्र तयार होत आहे. दाराला टप्पा कसला, असे त्यांनी त्यात लिहिले आहे.

येत्या मंगळवारी अभियंता साहेब छत पाहायला पुन्हा येणार आहेत. खुणा दाखवायला ताईने हजर राहायचे ठरले आहे. तिचा त्या दिवसाचा रोज बुडेल, म्हणून समितीतल्या बायकांनी वर्गणी काढली. ती घ्यायला तयार नाही. त्यावर अजून भांडण चालू आहे.