आधी जमीन बघा, मग फळी

‘मुलीला स्केटबोर्ड घ्यायचाय, कुठला चांगला?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. माझी भाची चार वर्षं बोर्ड चालवते आहे, तिच्यापायी मी या विषयात पडले, आणि आता कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंतचे ओळखीचे लोक मला यातली जाणकार समजतात. मी उलट विचारते, ‘चालवणार कुठे?’ यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. ‘कुठे म्हणजे? इथेच, खाली.’

माझा वाद या ‘इथेच, खाली’शी आहे. बोर्ड ही एकटी वस्तू नसते. ती फळी, चाकं आणि जमीन यांची मिळून एक वस्तू असते. पहिल्या दोन गोष्टी दुकानात मिळतात, तिसरी गावाने द्यावी लागते. आपण पहिल्या दोनवर महिनाभर घोळ घालतो आणि तिसरीबद्दल चकार शब्द काढत नाही.

दुकानात काय होतं ते आधी सांगते. खेळण्यांच्या दुकानात बावीस इंची प्लास्टिकचा रंगीत बोर्ड पुढे केला जातो. ‘लहान मुलांसाठी हाच, हलका आहे.’ हे सपशेल उलटं आहे. फळी जितकी आखूड आणि अरुंद, तितका तोल सांभाळणं अवघड. शिकणाऱ्याला खरं तर रुंद, स्थिर फळी हवी: मेपलच्या सात थरांची, दोन्ही टोकं वर वळलेली, मोठ्या मुलांसाठी साधारण आठ इंच रुंद. त्याहून वाईट म्हणजे कमी किमतीचे लाकडी दिसणारे बोर्ड, ज्यांचे ट्रक, म्हणजे चाकं धरणारे आस, चक्क प्लास्टिकचे असतात. त्यावर वळताच येत नाही. पोरगी महिनाभर धडपडते, बोर्ड माळ्यावर जातो आणि घरातले म्हणतात, ‘बघ, म्हटलं नव्हतं? फॅड होतं.’ फॅड नव्हतं हो. तुम्ही तिला न वळणारं वाहन दिलं होतंत.

दुसरं टोक म्हणजे व्हिडिओ बघून आलेले. त्यांना सगळं पाठ असतं: चाकं बावन्न मिलिमीटरची, कडकपणा ९९ ए. हे चूक नाही, कॅलिफोर्नियासाठी बरोबर आहे. कडक, छोटं चाक गुळगुळीत काँक्रीटवर छान घसरतं, उडी हलकी होते. तेच चाक आपल्या पेव्हर ब्लॉकवर आणा. दोन ब्लॉकच्या फटीत अडकतं, बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. डांबरावर सुटलेली एक खडी पुरते. उपकरण उत्तम आणि गाव चुकीचं, अशी ही गत.

म्हणून नाशिकमधल्या नवशिक्यांना माझा सल्ला ठरलेला आहे. चाकं ५४ ते ५६ मिलिमीटरची, कडकपणा ८५ ते ९२ ए च्या मधला. अगदी मऊ, ७८ ए ची चाकं खडी गिळतात, पण रेलवर किंवा कठड्यावर घसरत नाहीत आणि उडी मारताना रबरी चेंडूसारखी उसळतात. मोठं चाक लावलं की वळताना ते फळीला घासू नये म्हणून ट्रकखाली पातळ रबरी गादी घालायची. ही तडजोड आहे, दोन्हीकडे थोडं कमीच पडते. पण आपल्या जमिनीवर निदान चालते.

बेअरिंगच्या नावाखाली तर सरळ लूट चालते. ‘एबेक ७’, ‘एबेक ९’ असे आकडे दाखवून पैसे उकळतात. तो आकडा यंत्रांच्या बेअरिंगमधल्या अचूकतेचा आहे, सेकंदाला शेकडो फेरे घेणाऱ्या मोटारींसाठी. उडीनंतर आपटणाऱ्या चाकाबद्दल तो काही सांगत नाही. स्केटबोर्डला लागतं ते ६०८ क्रमांकाचं साधं बेअरिंग: आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. ते कितीतरी छोट्या मोटारींत असतं. सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहती ज्या शहरात आहेत, तिथल्या माणसाने ते ऑनलाइन ‘खास स्केट बेअरिंग’ म्हणून चढ्या भावात मागवावं, याला काय म्हणायचं? बेअरिंगच्या दुकानात जा, आकडा सांगा, आठ नग घ्या. घसरायला रेल हवी असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची जोडून घ्या. पावसाळ्यात मात्र बोर्ड बाहेर काढू नका. बेअरिंग गंजतात, फळीचे थर सुटतात.

आता धोक्याबद्दल. ‘हात मोडेल’ हे मी सर्वांत जास्त ऐकते, आणि ते खोटं नाही. पडताना माणूस तळहात पुढे टाकतो, मनगट जातं. म्हणून हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड बोर्डबरोबरच घ्यायचे, ‘नंतर बघू’ चालणार नाही. पण हीच भीती दाखवणारे गृहस्थ पंधरा वर्षांच्या मुलाला विनापरवाना, विनाहेल्मेट स्कूटरवर क्लासला पाठवतात. तेव्हा ती भीती कुठे जाते? मुलगी असेल तर धोका आपोआप दुप्पट होतो आणि त्यातला अर्धा ‘लोक काय म्हणतील’ याचा असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोघीही तेरा वर्षांच्या होत्या. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार या खेड्यात २०१५ मध्ये स्केटपार्क झाला. तिथला नियम असा की शाळा बुडवली तर बोर्ड नाही, आणि आधी पाळी मुलींची. खेड्याला हे सुचतं. आमच्या सोसायट्यांना सुचते ती ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी.

आणि ती पाटी नेमकी कुठे असते? पार्किंगमध्ये, जिथे कोबा गुळगुळीत असतो. म्हणजे चालवण्यासारखी जमीन आहे, पण ती गाड्यांसाठी राखीव. रस्त्यावर वाहनं, फुटपाथवर ब्लॉक आणि त्यावर उभ्या दुचाकी. गोदाघाटाच्या दगडी पायऱ्या देखण्या आहेत, पण त्या स्नानाच्या आहेत आणि तिथे बोर्ड नेऊच नये, असं माझंही मत आहे. मग उरतं काय?

उरतो पूल. मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल शहराच्या पोटातून जातो आणि त्याच्याखाली छप्पर असलेली जागा आहे, पावसातही कोरडी राहू शकेल अशी. अमेरिकेत पोर्टलंडला बर्नसाइड पुलाखाली मुलांनी १९९० मध्ये स्वतः काँक्रीट ओतून पार्क उभा केला. लंडनच्या साउथबँकवरची इमारतीखालची जागा दुकानांसाठी जाणार होती, ती मुलांनी लढून २०१४ मध्ये वाचवली. इतकं लांब जायचं नसेल तर माटुंग्याला जा. तिथल्या उड्डाणपुलाखाली बाग आहे आणि लोक तिथे रोज फिरतात. पुलाखालची जागा माणसांना देता येते, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेलं आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी या शहरात रस्ते आणि काँक्रीट यांवर पैसा ओतला जाणार आहे. त्यातलं एका टेनिस कोर्टाएवढं काँक्रीट, नीट घोटून गुळगुळीत केलेलं, एक बुटका कठडा, एक रेल आणि एक दिवा, एवढीच मागणी आहे. बाक नको, पुतळा नको, सेल्फी पॉइंट तर नकोच. ‘मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात’ अशी तक्रार करणाऱ्यांनी या मागणीवर पहिली सही करावी. ती तक्रार खरी असेल तर मुलांना बाहेर बोलावणारी जागा मागायला हरकत नसावी. आणि सही करायची नसेल, तर निदान मुलांना दोष देणं थांबवावं.