स्पॅनिशचा तक्ता, मग मराठीचा का नको?

आपली मुले शाळेत स्पॅनिश शिकतात. 'आब्लार' म्हणजे बोलणे. शेवटचा 'आर' काढून प्रत्यय लावला की 'आब्लो' (मी बोलतो), 'आब्ले' (मी बोललो). भविष्यकाळात प्रत्यय अख्ख्या शब्दाला लागतो: 'आब्लारे' (मी बोलेन). एक तक्ता पाठ झाला की तशी शेकडो नियमित क्रियापदे चालवता येतात.

मराठीलाही नियम आहेत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालीच छापले गेले. तरी आम्ही पालक म्हणतो, "ऐकून ऐकून येईल." पुण्यात येतेही, इथे घराबाहेर मराठी कानावर पडतेच कुठे?

शिवाय मुलगा असो वा मुलगी, स्पॅनिशमध्ये 'आब्लो' एकच. मराठीत मात्र 'बोलतो' आणि 'बोलते'. त्यातून 'मी आंबा खाल्ला', पण 'मी पोळी खाल्ली'. इथे क्रियापद खाणाऱ्याकडे नव्हे, खाल्लेल्या वस्तूकडे बघते. हे कोणी सांगितलेच नाही, तर मूल 'मी पोळी खाल्लो' म्हणणारच. मग नातेवाईक हसतात आणि मूल इंग्रजीवर येते.

म्हणून आमची सूचना: दर आठवड्याला वर्गात एक क्रियापद तिन्ही काळांत फळ्यावर मांडावे. घरी आपण त्याचीच वाक्ये करून घ्यावीत; चुकले तर न हसता बरोबर वाक्य सांगावे. 'बोलणे'पासूनच सुरुवात करू या.