ज्युनियरला पैसे द्यायलाच हवेत

कायद्याच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी खासगी वकिलीत उतरायचं म्हणतो, तेव्हा बाररूममधून त्याला ठरलेला सल्ला मिळतो : पहिली तीन-चार वर्षं पैशाचं नाव काढू नकोस, सिनियर शिकवतोय तेच पुष्कळ समज, आम्हीही असेच शिकलो. सल्ला देणाऱ्यांच्या मनात पाप नसतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याने वकिली व्यवसायाचं मोठं नुकसान केलं आहे.

ज्युनियर फक्त शिकतो, हे म्हणणंच आधी तपासू. कुठल्याही तालुका कोर्टात सकाळी अकराला जाऊन पाहावं. सिनियर जिल्ह्याला सेशन्स केसच्या उलटतपासात गुंतलेले, आणि इथे दोन कोर्टांच्या बोर्डावर त्यांची सात-आठ प्रकरणं. एकात मुदतीचा अर्ज, दुसऱ्यात आरोपीच्या हजेरीमाफीचा. तिसऱ्यात निशाणी 5 वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, सामनेवाल्याचं म्हणणं दाखल झालं का ते पाहायचं. मधेच नकलेच्या अर्जाला स्टँप लावायचा आणि पुकारा कानावर पडला की धावायचं. वादीतर्फे कोणीच उभं राहिलं नाही आणि प्रतिवादी हजर असला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 खाली दावाच काढून टाकला जातो. तारखेची फी पक्षकार देतो आणि दावा राखतो ज्युनियर. याला काम म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

दुसरा युक्तिवाद भावनेचा असतो : थोरामोठ्यांनीही उपासतापास काढले. यात डॉ. आंबेडकरांचं नाव हमखास येतं. 1923 मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा अस्पृश्यतेमुळे पक्षकार त्यांच्याकडे येईनात. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांना संसाराला हातभार लावावा लागला. पण ती वेळ त्यांच्यावर समाजाने आणली होती. अन्याय सोसूनही एक माणूस मोठा झाला, म्हणून तोच अन्याय पुढच्या पिढ्यांना रीत म्हणून सांगायचा, हे मला मान्य नाही.

शिवाय सनद घेतलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, असा बार कौन्सिलचाच नियम आहे. दुसरीकडे कमवायचं नाही आणि इथे कोणी देत नाही. मग खोलीचं भाडं, खानावळ, एसटीचा पास कुठून भागवायचा? ज्याच्या वडिलांचं कोर्टासमोर ऑफिस आहे तो टिकतो. ऊसतोड मजुराची मुलगी दुसऱ्याच वर्षी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरते. बुद्धीचा इथे प्रश्नच येत नाही. त्यात 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे बिनपगारी वर्षं ज्यांना झेपत नाहीत, त्यांच्यासाठी न्यायाधीशपदाची वाटही तिथेच अडते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. तालुक्यातल्या कित्येक सिनियरांचंच उत्पन्न बेभरवशाचं असतं. पक्षकार फी पीक आल्यावर देतो, कधी बुडवतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. ती शिफारसच आहे, सक्ती नाही, आणि छोट्या गावात 15,000 सगळ्यांना जमणारही नाहीत. पण 15,000 जमत नाहीत म्हणून शून्य, हा हिशेब कुठला? जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च निघेल एवढी ठरावीक रक्कम द्यावी. ज्युनियरने दावा किंवा कैफियत लिहिली, त्या प्रकरणाच्या फीत त्याला वाटा द्यावा. वकीलपत्रावर त्याचं नाव घालावं, म्हणजे पक्षकार त्याला ओळखू लागतात. उरलेला भार सरकारने उचलावा. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षं दरमहा 5,000 रुपये देण्याची योजना सुरू केली होती. महाराष्ट्रालाही ते अशक्य नाही.

विद्यार्थ्यांनी सिनियरकडे रुजू होण्याआधी पैशाचं संकोच न करता विचारावं आणि ठरेल ते कागदावर घ्यावं. आपण वकील पक्षकाराला उसनवारीची साधी चिठ्ठीसुद्धा लिहून घ्यायला सांगतो. आणि प्रत्येक तालुका बारने येत्या सर्वसाधारण सभेत ज्युनियरच्या किमान मानधनाचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यावा. मतदान हात वर करून व्हावं.